दोरा विरघळेपर्यंत

मनकर्णाबाईनं उशीवर मान टेकवली, डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढली आणि उजव्या हातातली बाटली डोळ्यावर धरून दाबली. पहिला थेंब गालावर गेला. दुसरा नेमका डोळ्यात पडला. तिनं डोळा मिटला, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरला आणि मनातल्या मनात शंभरापर्यंत आकडे म्हटले. बाथरूममध्ये बहिणीची सून अंघोळ करत होती. नळ बंद व्हायच्या आत बाटली जागेवर जायला हवी होती.

बाटली तिची नव्हती. तिला लाल रबर गुंडाळलेलं होतं, आणि लाल रबर म्हणजे आशाबाई. मनकर्णाबाईच्या बाटल्यांना हिरवं. दोघींनाही बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून आशाबाईच्या सुनेनं ही युक्ती काढली होती. औषध घालायची तीच, दिवसातून चार वेळा, दोघींना शेजारी शेजारी झोपवून. कुणाचं काय ते रबरावरून कळावं, एवढाच तिचा हेतू. मनकर्णाबाईला ते रबर नसतानाही पक्कं कळत होतं. साठ वर्षांत दुसरं काही तिनं इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

शेजारच्या गादीवर आशाबाई पाठमोरी झोपली होती. ती धाकटी बहीण आणि जाऊही. देवगाव रंगारीच्या दोघा भावांना एकाच मांडवात दोघी बहिणी दिलेल्या. थोरलीला थोरले काकासाहेब, धाकटीला धाकटे नानासाहेब. पुढं एकाच घरात दोन चुली झाल्या आणि मनकर्णाबाईच्या मनाला कायमचं काम लागलं. आशाबाईची म्हैस दोन शेर जास्त देते. आशाबाईच्या भाकरीला पापुद्रा सुटतो. आशाबाईचा पोरगा बँकेत लागला आणि त्यानं पुंडलिकनगरात फ्लॅट घेतला. मनकर्णाबाईच्या दोन्ही मुली चांगल्या घरी सुखानं नांदत होत्या, पण ते सुख बघायला कन्नडला जावं लागे. आशाबाईचं रोज समोर होतं.

आता तर मनकर्णाबाई त्याच फ्लॅटमध्ये, त्याच खोलीत, त्याच दुखण्यानं पडली होती.

दोघींची आई भागूबाई शेवटची दहा वर्षं आंधळी होती. वयानं नजर जाते, असंच तेव्हा सगळे म्हणायचे. मनकर्णाबाई चष्मा बदलायला म्हणून औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात आली तेव्हा तिथल्या डॉक्टर राहत मॅडम यांनी पहिल्यांदा काचबिंदू हा शब्द उच्चारला. डोळ्यातलं पाणी आत साचून दाब वाढतो आणि नस हळूहळू मरते, दुखत नाही, म्हणून कळत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. उजवा डोळा कधीच गेला होता. डाव्याचीही निम्मी नस गेलेली. हा आजार रक्तातून येतो, सख्ख्या बहिणीलाही तपासा, असं त्या म्हणाल्या आणि काकासाहेबांनी आशाबाईला बोलावून घेतलं. तिलाही निघाला. पण तिचे दोन्ही डोळे अजून बऱ्यापैकी शाबूत होते. इथंही तिचं बरं निघालं, हे मनकर्णाबाईच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

थेंबांनी दाब आवरेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पापणीखाली झाकून जाईल अशी एक छोटी चकती बसवायची आणि तिची केसासारखी नळी डोळ्यात सोडायची. साचलेलं पाणी नळीवाटे चकतीवर येऊन जिरून जातं. आशाबाईच्या मुलानं आईसाठी परदेशी नळी ठरवली. मोठ्या आईलाही तीच घालू, असं तो म्हणालासुद्धा. डॉक्टरच नको म्हणाल्या.

"मावशींचा डोळा जास्त बिघडलेला आहे. त्यांना आपल्या देशातलीच बरी. चकती मोठी असते तिची, दाब जास्त उतरतो. इथं बनते म्हणून स्वस्त आहे, हलकी आहे म्हणून नव्हे."

एवढ्या बोलण्यातून मनकर्णाबाईनं स्वस्त हा एकच शब्द घरी नेला.

त्यात आणखी एक भर होती. परदेशी नळीला आत झडप असते, ती पहिल्या दिवसापासून पाणी बेतानं सोडते. या देशी नळीला झडप नव्हती. म्हणून डॉक्टर नळीला दोरा बांधणार होत्या. पाच-सहा आठवड्यांत दोरा आपोआप विरघळेल, तोवर चकतीभोवती मांस धरेल आणि मग पाणी सुरू होईल. मधले दिवस थेंब आणि गोळ्यांवर काढायचे. काकासाहेबांना ते लगेच पटलं.

"नव्या बांधावर लगीच पाणी सोडलं तर बांध फुटतो. माती बसू द्यावी लागती."

"अगदी बरोबर, काका," डॉक्टर हसून म्हणाल्या.

बांधाची गोष्ट मनकर्णाबाईलाही कळत होती. पण शेजारच्या वावरात आजच पाणी खळखळत असताना आपल्या बांधाची माती बसायची वाट बघत कोण बसतं? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आशाबाईचा दाब बारा आला, मनकर्णाबाईचा अठ्ठावीस. आठ दिवसांनी अकरा आणि तीस. तपासणीला गेलं की ती स्वतःचा आकडा नंतर विचारायची.

"आशाचं किती?"

मग सून सांगायची आणि मनकर्णाबाई मान हलवायची, जणू तिला आधीच ठाऊक होतं.

त्याच तपासणीत डॉक्टरांनी तिच्या बाटल्यांतली एक कमी केली. दुधासारखं पांढरं औषध होतं, सूज उतरायचं, हलवून घालायचं. दोघींनाही दिलेलं.

"मोठ्या आई, तुमचं पांढरं औषध आजपासून बंद," रिक्षात बसल्यावर सून म्हणाली.

"आन् तिचं?"

"आईंचं चालू आहे. त्यांच्या डोळ्याला अजून लाली आहे ना. काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही, त्यानं दाब वाढतो, म्हणून डॉक्टरांनी तुमचं..."

तिचं चालू आहे, यापुढं मनकर्णाबाईनं काही ऐकलं नाही. नळी चांगली तिला, औषध चांगलं तिला. रिक्षा पुंडलिकनगरात पोचेपर्यंत तिचा निश्चय झाला होता.

पहिल्या दिवशी लाल रबरवाली बाटली फ्रिजवर होती. मनकर्णाबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली, एक पाय लटपटला, तरी तिनं ती काढली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग बाटली रोज गाद्यांच्या मधल्या टीपॉयवर दिसू लागली, अगदी हाताशी. सुनेचा वेंधळेपणा, असं म्हणून तिनं देवाचे आभार मानले. चोरी करायची तर नीट करावी, म्हणून ती बाटली चांगली हलवून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात तिचा आकडा चौतीस झाला. औषध चांगलंच आहे, आपण उशिरा सुरू केलं म्हणून असं, असा तिनं हिशोब बांधला आणि एकाऐवजी दोन थेंब टाकू लागली. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे आता कडेनं झाकोळत होते. बारा दिसायचे, तीन दिसत नव्हते. ती कुणाला सांगत नव्हती. तिला आई आठवायची, सूप मांडीवर घेऊन बोटांनी खडे वेचणारी, आणि कुणीही दारातून आलं की मान वर करून "कोण हाय?" विचारणारी. रोज, पोटच्या पोरींनासुद्धा. उद्या आपण असं विचारणार आणि वरून आवाज येणार, "मी आशा, आक्का." आंधळेपणापेक्षा तिला तो आवाज जास्त सलत होता.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तिघी पुन्हा औरंगपुऱ्याला गेल्या. मनकर्णाबाईनं यंत्रावर हनुवटी टेकवली. डॉक्टर राहत यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि यंत्र मागं सरकवलं.

"बेचाळीस."

सून खुर्चीवरून उठली. आशाबाईचा हात पदराशी थांबला.

"मावशी, नीट ऐका. एवढ्या दाबानं उरलेली नस दोन-चार दिवसांत जाईल. आज लेसरनं दोरा तोडायचा म्हटलं तर मांस अजून धरलेलं नाही. पाणी एकदम उतरून डोळाच बसायचा. दोन्हीकडून धोका आहे. मला समजत नाही, थेंब चालू, गोळ्या चालू, मग इतका वाढतो कसा?"

मनकर्णाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. डॉक्टरांनी पुन्हा तिची हनुवटी टेकवून घेतली, दिवा लावला आणि या वेळी डोळ्याच्या आत नाही, पापणीच्या कडेला बघत राहिल्या. मग कापूस ओला करून त्यांनी पापण्यांच्या मुळाशी फिरवला. कापसावर पांढरी भुकटी आली.

"ये क्या है?" डॉक्टर हळूच म्हणाल्या. मग सुनेकडं वळून, मोठ्यानं, "यांचं पांढरं औषध मी केव्हाच बंद केलं होतं. कोण घालतंय हे?"

"मी नाही घालत, मॅडम. यांचं बंदच आहे. मी रबर लावलंय, माझ्याकडून चूक होणंच शक्य नाही." सुनेचा आवाज रडवेला झाला. "मी रोज स्वतःच्या हातानं घालते..."

"मग भुकटी आपोआप आली? या औषधानंच दाब चढलाय. तुमच्या हलगर्जीपणानं बाईंचा एकुलता एक डोळा जाईल."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. चार आठवडे ती बिचारी दोघींच्या उशापायथ्याशी खपत होती. मनकर्णाबाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. बोलायला हवं होतं. लाज वाटत होती, भीती वाटत होती, पण हेही तिला कळत होतं की एवढं एक वाक्य आपण बोललो तर जन्मात एकदा तरी आपण सरळ वागलो असं होईल. तिनं घसा खाकरला.

"मी घातलं," आशाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले.

"सुनबाईची चूक नाय. माझं औषध मीच घालत व्हते आक्काच्या डोळ्यात. मला गुण आला, म्हणलं तिलाबी यील."

डॉक्टरांनी तिला चांगलंच झापलं. एकाचं औषध दुसऱ्याला म्हणजे विष, एवढी अक्कल नाही का, बहिणीला आंधळी करायला निघालात, असं पुष्कळ. आशाबाई खाली मान घालून ऐकत होती. झापता झापता डॉक्टरांचाच आवाज मऊ झाला. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जीव आहे बहिणीवर, ते दिसतंय. पण असा जीव लावू नका. आता सलाईनमधून औषध देते, दाब उतरेल. ते पांढरं थांबलं की वाढायचं कारणच नाही. दोऱ्याला हात न लावता वाट बघू."

सुनेनंही डोळे पुसून सासूचा हात धरला. मनकर्णाबाई तशीच बसून होती. तिच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला होता. आजवर धाकटीनं काय काय घेतलं याची तिची यादी मोठी होती, पण आपला गुन्हासुद्धा ती घेऊन जाईल आणि वर कौतुक मिळवील, हे काही तिच्या यादीत नव्हतं. ती इतकी संतापली की डोळा वाचणार हे ऐकून व्हायला हवा होता तेवढा आनंदही तिला झाला नाही.

आतल्या खोलीत तिला सलाईन लावलं. सून गोळ्या आणायला खाली गेली. आशाबाई स्टूल ओढून खाटेपाशी बसली आणि पदरानं तिला वारा घालू लागली.

"नगं घालू वारा," मनकर्णाबाई म्हणाली. "खोटं कशापायी बोलली?"

"कुठं खोटं?"

"माझ्या डोळ्यात तू औषध घातलं? कवा?"

"घातलं नाय." आशाबाईनं दाराकडं बघून आवाज उतरवला. "पर बाटली कोण ठेवीत व्हतं तुझ्या हाताशी? पहिल्या दिशी तू स्टुलावर चढली, तुझा पाय लटपटला. मी जागीच व्हते. म्हणलं ही पडंल, हातपाय मोडून घील. दोन दिस पाह्यलं. मग सून न्हायला निघाली की तुझी पाठ बघून मीच खाली काढून ठेवायची, आन् मागनं परत वर."

वीस दिवस ती पाठ करून झोपलेली बाई जागी होती.

"म्हंजी बघत व्हती तू."

"व्हय."

"आन् गप ऱ्हायली."

"मला काय म्हाईत ते तुला बाधतं? माझं अकरा, तुझं तीस. म्हणलं आसंल माझ्या औषधात कायतरी. जाऊ दे तिच्या डोळ्यात."

"मला इचारायचं."

"तू सांगितलं आसतं?"

आशाबाईनं पदर मांडीवर नीट केला.

"आक्का, जलमभर तुझं वापरलं मी. झंपर तुझं, पाटी तुझी, दप्तर तुझं. लगीनबी तुझ्याच मांडवात. थोरलीचं व्हतंच हाय, धाकटीचंबी उरकून घ्या म्हणले. माझ्यासाठी म्हणून कधी मांडव पडला नाय. किती रडले व्हते त्या दिशी, तुला म्हाईत नाय. आन् तुला मातर माझं कधी काय लागलं नाय. भाकर कमी पडली तरी माझ्या चुलीवरची घ्यायची नाय तू. पहिल्यांदा माझं कायतरी तुला हवं झालं. म्हणलं घिऊ दे."

हे बोलून ती पुन्हा वारा घालू लागली. मनकर्णाबाई छताकडं बघत पडून राहिली. आपलाही कुणी हेवा करत असेल, आणि तोही हिनं, हे साठ वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऐकून तिला आधी बरं वाटलं. चांगलं गोड बरं वाटलं. मग लक्षात आलं की चोरीसुद्धा आपण हिच्याच परवानगीनं केली, आणि ते गोड पुन्हा कडू झालं. पण वारा नको, असं ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

संध्याकाळपर्यंत दाब सव्वीसवर आला. पुढच्या दिवसांत औषधांच्या बाटल्या कपाटात कुलपात गेल्या. घड्याळातले तीन काही परत आले नाहीत. जे गेलं ते गेलं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उरलेलं राहतं का, एवढाच प्रश्न होता. मनकर्णाबाई रोज सकाळी उठून आधी बारा दिसतात का बघायची. सहाव्या आठवड्यात एके दिवशी बारासुद्धा धुरकट दिसले, आणि ती "आशा!" म्हणून ओरडली. घरात दुसऱ्या कुणाचं नाव तिला सुचलं नाही.

तासाभरात तिघी दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी डोळा बघितला, दाब मोजला आणि हसल्या.

"घाबरू नका, मावशी. दोरा सुटला. पाणी वाहायला लागलं की दोन-चार दिवस असं धूसर दिसतं. आकडा ऐकायचाय?"

"आदी आशाचं सांगा."

आशाबाईचं मोजलं. चोवीस.

"त्या नळीचं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या. "थेंब सुरू करू, बहुतेक उतरेल. मावशी, तुमचा दहा आहे. नस वाचली."

दहा. देशी नळीचा दहा आणि परदेशी नळीचा चोवीस. मनकर्णाबाईला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी पोटभर झाला. नस वाचली त्याचा आणि चोवीसचा, दोन्हींचा मिळून झाला. मग तिनं आशाबाईकडं बघितलं. आशाबाई हात जोडून वर बघत होती, आणि पुटपुटत होती ते दहासाठी. स्वतःचा चोवीस तिनं ऐकलेलाच दिसत नव्हता.

"आता मात्र बाटल्या कुलपातच ठेवा," डॉक्टर सुनेला म्हणाल्या. "नाहीतर या पुन्हा आपलं औषध बहिणीच्या डोळ्यात घालतील. ऐसी बहन नसीब से मिलती है, मावशी. जपा तिला."

सून हसली. आशाबाई लाजून पदर सारखा करू लागली.

"डॉक्टरीणबाई," मनकर्णाबाई म्हणाली, "त्या दिशीचं काय लिवलंय कागदावर?"

"कशाचं?"

"पांढऱ्या औषधाचं. कुणी घातलं म्हणून."

डॉक्टरांनी पानं उलटली. "बहिणीने घातले, असं लिहिलंय."

"खोडा ते. मी घातलं. वीस दिस, माझ्या हातानं, तिच्या बाटलीतलं चोरून."

सून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "आक्का, झालं ना आता, कशाला," असं आशाबाई म्हणू लागली, पण मनकर्णाबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. ती डॉक्टरांच्या पेनाकडं बघत होती. पेन थांबलं होतं.

"मग या का म्हणाल्या, मी घातलं म्हणून?"

मनकर्णाबाईनं मान पूर्ण वळवली, कारण आशाबाई गेलेल्या डोळ्याच्या बाजूला बसली होती. तिनं तिला नीट बघून घेतलं.

"तिला सवय हाय," ती म्हणाली. "लहानपणापासून माझंच वापरत आली ती."